सच्छिद्र दगडाचा ताठपणा

पांचगणीस गेलेल्या श्रोत्यांनीं तेथील टेबललँड पाहिलेलें असेलच. सुमारें १३०० मीटर उंचीवरील हें पठार म्हणजे काळ्या पाषाणावर बसलेलें जांभ्याचें झांकण होय. पावसापाण्यानें खडकांतील विरघळणारीं द्रव्यें वाहून गेलीं, लोह व ॲल्युमिनियम यांचीं संयुगें मागें राहिलीं, आणि दगडाची चाळण झाली. इतकीं भोकें असतां हा दगड घोड्यांची वर्दळ कशी सोसतो, असें कोणासही वाटेल.

भाराखालीं किंचित् दबून, भार निघतांच पूर्ववत् होणें या गुणास स्थितिस्थापकता म्हणतात. पोकळी अधिक तितका दगड दुबळा, ही समजूत खोटी नाहीं, पण अपुरी आहे. छिद्रें गोल असल्यास शेंकडा १० पोकळीनें ताठपणा साधारण शेंकडा २० घटतो. तीच पोकळी कागदासारख्या पातळ भेगांची असेल, तर शेंकडा एक भरली तरी याहून अधिक हानि होऊं शकते. गोल छिद्राभोवतीं भार कमानीवरून उतरावा तसा वळून जातो. चपटी भेग मात्र भाराखालीं मिटूं लागते.

जांभ्यांत वेड्यावांकड्या पोकळ्या एकत्र नांदतात. तेथें वहीवरचें सूत्र पुरें पडत नाहीं. म्हणून क्ष-किरणांनीं दगडाच्या अंतर्भागाचें चित्र घेऊन संगणकांत त्याचे बारीक घन पाडतात. एका बाजूस ५०० धरले तरी एकूण साडेबारा कोटी होतात! प्रत्येक घन दगडाचा कीं पोकळीचा हें ठरवून, त्यांवर गणितानेंच भार ठेवावयाचा आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांचा तोल जुळेपर्यंत समीकरणें सोडवावयाचीं. दगड फोडावा लागत नाहीं, हें खरें. पण चित्रांत न उमटलेली भेग संगणकासही दिसत नाहीं. शिवाय जांभ्यांत बोट जाईल एवढीं छिद्रें असतात. नखाएवढ्या तुकड्यावरून पठाराचें अनुमान काढणें धाडसाचेंच.

हा केवळ प्रयोगशाळेंतील खेळ नव्हे. याच सातारा जिल्ह्यांत कोयनेच्या जलाशयांत १९६२ पासून पाणी सांठूं लागलें, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपांत सुमारें १८० माणसें दगावलीं. पाण्याच्या वजनानें तळचा खडक दबतो. भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब प्रस्तरभंगाच्या दोन्ही कडांची पकड सैल करतो. हा दाब किती खोल व किती दिवसांनीं पोहोंचेल, हें काढण्यास खडकाचा ताठपणा ठाऊक असावा लागतो. त्यासाठींच २०१७ पर्यंत कोयना परिसरांत सुमारें ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें. काळ्या पाषाणाखालीं तेथें ग्रॅनाइट लागला. तो जांभ्यासारखा चाळणीदार नसतो. त्यांतील थोडकी पोकळी बहुतेक भेगांचीच असते.