चावी कुणाच्या हातात?

‘‘आई, चावी दे ना गं! दोन मिनिटांत कोथिंबीर घेऊन येतो.’’ आमच्या घरात हे रोजचंच होतं. मुलगा दहावीत, वय पंधरा. पण छोट्या गावात कोण विचारतंय? शिवाय दळण, दूध, आजीची औषधं अशी सगळी कामं तो पटापट करायचा. ‘माझा लेक माझ्यापेक्षा छान गाडी चालवतो,’ असं मी भिशीत कौतुकानं सांगायचे.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारच्या काकू धावत आल्या. ‘‘अगं, लवकर चल, तुझा मुलगा नाक्यावर पडलाय!’’ मी अनवाणीच पळाले. क्लासला उशीर झाला म्हणून तो जोरात निघाला होता. वळणावर सायकलवर एक शाळकरी मुलगी समोर आली. यानं पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरली. त्याचं कोपर, गुडघे सोलवटले. ती मुलगी थोडक्यात वाचली. तिची आई मला एक शब्द बोलली नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी अजून विसरले नाहीये.

रात्री जखमेला मलम लावताना मी विचारलं, ‘‘ब्रेक कसा लावायचा, हे तुला कुणी शिकवलं?’’ ‘‘कुणीच नाही. मित्रांचं बघून शिकलो.’’ म्हणजे तो गाडी पळवायला शिकला होता, थांबवायला नाही. आणि चावी मीच दिली होती!

मग कायदा नीट समजून घेतला. सोळाव्या वर्षी स्कूटरचं लायसन्स मिळतं, असं आपण धरून चालतो. पण ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी. आपल्या दारातल्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या, त्यासाठी १८ वर्षं पूर्ण हवीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

चावी आता माझ्या कपाटात असते. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही, हेही कळलं. ताशी ४० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढं जाते. टेप घेऊन आम्ही ते अंतर गल्लीत मोजलं. ‘‘एवढं? ब्रेक दाबायच्या आधीच?’’ म्हणून तो गप्पच झाला. आता तो माझ्या मागं बसतो आणि रस्ता ‘वाचून’ दाखवतो. पुढं वाळू सांडलीय, उभ्या एसटीआडून कुणीतरी येईल, त्या रिक्षावाल्यानं आरसा बघितलेला नाही.

पहिल्याच दिवशी त्यानं मला अडवलं. ‘‘आई, तुझं हेल्मेट कुठाय?’’ बाजारापर्यंत तर जायचंय, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. त्या दिवसापासून आम्ही दोघंही हेल्मेट घालतो, पट्टा लावून.

तो क्लासला सायकलवर जातो. मित्र चिडवतात, कधीकधी धुसफुसतोही. कोथिंबीर आणायला मलाच जावं लागतं. जाईन की! मैत्रिणींनो, तुमच्या घरातली चावी कुठं टांगलेली आहे, एकदा बघाल ना?