जुन्या जीटीचे खरे वय

सेकंडहँड गाडीच्या व्यवहारात पहिला प्रश्न ठरलेला असतो: रनिंग किती? चाळीस हजार म्हटले की घेणाऱ्याचा चेहरा खुलतो, लाखाच्या पुढचा आकडा ऐकला की तो दुसऱ्या गाडीकडे वळतो. साध्या, कमी ताकदीच्या गाडीला हा ठोकताळा बऱ्यापैकी लागू पडतो. छोट्या अंगात मोठी ताकद भरलेल्या हॅचबॅकच्या बाबतीत मात्र तो घेणाऱ्याला फसवू शकतो. अशा गाडीचे महागडे भाग चाके किती फिरली यापेक्षा ते किती वेळा आणि किती तापले, किती वेळा दाबले-सोडले गेले, यावर झिजतात. मीटरवर यातले काहीच उमटत नाही. त्यामुळे महामार्गावर लाख किलोमीटर धावलेली गाडी शहरात तीस हजार किलोमीटर रखडलेल्या गाडीपेक्षा 'तरुण' असू शकते. ऐकायला हे उलटे वाटते, पण त्यामागचे पदार्थविज्ञान शाळेतल्या पुस्तकाच्या पलीकडचे नाही.

उदाहरण म्हणून आपल्या चाकणमध्ये तयार झालेली गाडी घेऊ. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये बाजारात आली. इंजिन जेमतेम १.२ लिटरचे, पण टर्बोचार्जर आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी डायरेक्ट इंजेक्शन पद्धत यांच्या जोरावर ते १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देत होते. त्याच काळातले साधे १.२ लिटर पोलो इंजिन ७५ अश्वशक्तीच्या आसपास होते. या ताकदीला जोड होती सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सची. यात दोन क्लच असतात. पहिला १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, तर दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. एका गिअरमध्ये गाडी धावत असताना पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, आणि बदल म्हणजे एका क्लचने सोडणे व दुसऱ्याने पकडणे एवढेच. ताकदीत खंड पडत नाही. चाहते या गाडीवर जीव टाकतात तो याच गुणामुळे, आणि तो जीव टाकण्याजोगाच आहे. २०२० मध्ये बीएस-६ नियमांबरोबर ही जोडी गेली आणि १.० लिटर टीएसआय इंजिन साध्या टॉर्क कन्व्हर्टरसह आले. म्हणजे आज बाजारात दिसणारी प्रत्येक डीएसजी पोलो त्याआधीची, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातातली असते.

या गिअरबॉक्सचे सगळे गुणदोष एका शब्दाशी जोडलेले आहेत: ड्राय क्लच. याच कंपनीच्या आधीच्या सहा गिअरच्या डीएसजीत क्लच तेलात बुडालेले होते आणि घर्षणाची उष्णता ते तेल वाहून नेत असे. सात गिअरच्या या हलक्या गिअरबॉक्समध्ये क्लच कोरडे ठेवले, कारण तेल घुसळण्यात वाया जाणारी शक्ती वाचते आणि मायलेज सुधारते. २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी ही रचना आहे, म्हणजे १७५ चे इंजिन तिच्या मर्यादेच्या खूप आत बसते. मग अडचण कुठे येते? ती टॉर्कमध्ये नाही, घसरण्यात आहे. गाडी थांबलेली आणि इंजिन फिरते, अशा वेळी दोघांचा वेग जुळेपर्यंत क्लच घसरतो आणि घसरताना तापतो. सपाट रस्त्यावर निघताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता ढोबळमानाने गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकीच असते. माणसांसह १३०० किलोची गाडी ताशी १० किलोमीटरपर्यंत आली तर ही ऊर्जा सुमारे ५ किलोजूल होते. ती जिरवणाऱ्या लोखंडी भागाचे वजन ३ किलो धरले तर तापमान तीन-चार अंशांनी वाढते आणि पुढच्या मोकळ्या रस्त्यावर ते उतरतेही. यात घाबरण्यासारखे काही नाही.

आता तीच गाडी चढावर उभी करा. दर दहा मीटरला एक मीटर असा चढ, म्हणजे बहुमजली वाहनतळाचा रॅम्प किंवा घाटातले एखादे वळण. पुढची रांग हलत नाही आणि चालक ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरच्या हलक्या दाबावर गाडी जागच्या जागी धरून ठेवतो. मॅन्युअल गाडीतला हाच प्रकार आपण हाफ क्लच म्हणून ओळखतो. गाडी मागे न जाण्यासाठी चाकांवर सुमारे १३०० न्यूटन बळ लागते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन आणि चाक यांचे गुणोत्तर १६ च्या आसपास धरले तर क्लचवर २४ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर क्लचमध्ये सतत २ किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे घरचा गिझर जितकी करतो तितकी. गिझरमध्ये ती पाण्यात जाते, इथे काही किलो लोखंडात आणि घर्षणाच्या अस्तरात, बंद कोठडीत, तेलाशिवाय. एका मिनिटात १२० किलोजूल जमा होतात. म्हणजे सपाट रस्त्यावर चोवीस वेळा नीट निघण्याची झीज या एका मिनिटात होऊ शकते, आणि तापमान ८० अंशांहून अधिक चढू शकते. या मिनिटात मीटर शून्य किलोमीटर दाखवतो. माझ्या म्हणण्याचा कणा हाच आहे. हिंजवडीच्या किंवा घोडबंदरच्या संध्याकाळच्या रांगेत रोज तासभर रखडलेली गाडी वर्षाला कदाचित सहा हजार किलोमीटर चालते आणि कागदावर 'कमी वापरलेली' म्हणून विकली जाते.

क्लच हलवणारे यंत्रही असेच वेगळे घड्याळ बाळगून असते. मेकॅट्रॉनिक म्हणतात तो भाग म्हणजे हायड्रॉलिक पंप, झडपा, दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर आणि संगणक एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या घरात बसवलेले. पंप दाब चढवतो, गिअर बदलताना तो खर्च होतो, पंप पुन्हा चालू होतो. प्रत्येक चढ-उतार त्या ओतीव घरावर ताण देतो आणि काढून घेतो. पोलादाला ताणाची एक अशी पातळी असते, जिच्याखाली तो कितीही वेळा दिला तरी तडा जात नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नसते, पुरेशा आवर्तनांनंतर लहान ताणही तडा पाडू शकतो. अ‍ॅक्युम्युलेटरच्या भोवती पडणारी चीर हा या गिअरबॉक्सचा जगभर ओळखला गेलेला दोष आहे. तेल गळते, दाब टिकत नाही आणि गाडी एखाद्या सिग्नलला न्यूट्रलमध्ये जाऊन उभी राहते. दुरुस्तीचा खर्च लाखाच्या पलीकडे सहज जातो. महामार्गावर शंभर किलोमीटरमध्ये मोजके गिअर बदलतात, शहरात तेवढ्याच अंतरात शेकड्यांनी. चीर मोजते ती आवर्तने.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. हा तर कंपनीच्या रचनेचा दोष झाला, त्याला पदार्थविज्ञानाचे नाव देऊन मालकाच्या माथी का मारायचे? दोष रचनेचा होताच, हे नाकारण्याचे कारण नाही. २०१३ च्या मार्चमध्ये चीनमध्ये डीएसजीच्या ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या गिअरबॉक्समधले सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्याचा निर्णय झाला. सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. ही जबाबदारी पूर्णपणे उत्पादकाची. पण तो बिघाड कुठे वाढतो म्हणून सांगितले गेले, ते पाहा: उष्ण, दमट हवेत आणि सतत थांबत-निघत चालणाऱ्या वाहतुकीत. हे वर्णन मुंबईला, कोकणाला आणि गोव्याला जसेच्या तसे लागू होते. रचनेतली कमजोरी सगळ्या गाड्यांत सारखीच होती, ती उघडी पाडली वापराने. सदोष भाग सगळीकडे असूनही काही गाड्या लाखभर किलोमीटर सुखाने चालतात आणि काही तीस हजारांत मोडतात, याचा उलगडा रचनेचा दोष एकटा करू शकत नाही. शिवाय हा गिअरबॉक्स कायमचा बाद झालेला नाही. चाकणमध्येच बनणाऱ्या व्हर्टसच्या १.५ लिटर इंजिनाला आजही सात गिअरची ड्राय क्लच डीएसजी आहे आणि ते इंजिन पूर्ण २५० न्यूटन-मीटर देते. साहित्य आणि सॉफ्टवेअर सुधारले, तरी चढावरच्या त्या मिनिटाचे गणित बदललेले नाही.

इंजिनाकडे वळलो तर उष्णतेइतकाच तिचा अभावही त्रासदायक ठरतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारले जाते आणि ते धुतले जातात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते. क्रँककेसमधून परत खेचली जाणारी तेलाची वाफ मात्र व्हॉल्व्हवर बसते, भाजते आणि काळा थर साचतो. इंजिन खडबडते, पिकअप कमी होतो. इंधनात काहीही मिसळले तरी तो थर निघत नाही, कारण इंधन तिथे पोहोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून तो खरवडावा लागतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तर इंजिन पुरते तापतही नाही. थंड सिलिंडरच्या भिंतीवरून पेट्रोल खाली तेलात उतरते, पातळ झालेले तेल नीट वंगण देत नाही, आणि त्या तेलातल्या काजळीने टायमिंग चेनचे दुवे झिजतात. चेन लांबते, व्हॉल्व्हची वेळ चुकते. १.२ टीएसआयच्या पहिल्या पिढीत हा त्रास ठाऊक होता, आणि कंपनीने पुढच्या पिढीत चेन काढून दातेरी पट्टा बसवला. घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढेच करणारी गाडी सौम्य वापराची म्हणून नावाजली जाते. या इंजिनासाठी तो सौम्य वापर नाही. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे तेलही दरवर्षी बदलायला हवे ते याचसाठी, आणि नेमके तेच टाळले जाते.

रबराचे घड्याळ तिसरेच. बुश, नळ्या आणि टायर हवेतल्या ऑक्सिजन व ओझोनने कडक होतात, गाडी उभी असली तरीही. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी तो शिक्का वाचावा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गाडी कुठे तापली हे घेणाऱ्याला कळणार कसे? विकणारा सांगणार नाही, आणि मीटर तर मागेही फिरवलेला असू शकतो. पण याच कारणासाठी मीटरवर विसंबणे अधिक धोक्याचे आहे. गिअरबॉक्सचा संगणक मात्र पुरावा जपून ठेवतो. अस्तर झिजते तसा क्लच पकडण्याचा बिंदू सरकतो आणि संगणक स्वतःला त्या नव्या बिंदूशी जुळवून घेतो. ही जुळवणीची मूल्ये आणि साठलेले दोष-संकेत फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठीच्या स्कॅनरवर वाचता येतात. पार्किंगचा परवाना, सर्व्हिसच्या तारखा आणि त्या वेळचे किलोमीटर हेही बोलतात. दोन सर्व्हिसमध्ये वर्ष आणि चार हजार किलोमीटर असतील तर गाडीचा दिवस कसा गेला असेल, याचा अंदाज बांधता येतो.

मग साधी, आरामशीर गाडीच का घेऊ नये, असा तिसरा प्रश्न उरतो. ज्याचा रोजचा रस्ता म्हणजे रांगच आहे, त्याने खरोखर तीच घ्यावी. ड्राय क्लचची ती जागा नव्हे. पण ज्याचा आठवडा सातारा, नाशिक किंवा रत्नागिरीच्या रस्त्यावर जातो, त्याच्या हाती ही गाडी तिच्या स्वभावाला मानवेल अशा कामावर असते. तिला केवळ नाजूक म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. चालवण्याची पद्धतही आयुष्य वाढवते. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो, म्हणून रांगेत अर्धवट ब्रेकवर रेंगाळू नये. पुढे दोन गाड्यांइतकी जागा होऊ द्यावी, मग एकदाच नीट निघून क्लचला पूर्ण पकडू द्यावे. चढावर धरायला ब्रेक असतो.

पाहायला गेल्यावर विकणारा सकाळची वेळ आणि रिकामा रस्ता सुचवतो. थंड क्लच फारसे काही सांगत नाही, म्हणून संध्याकाळची वेळ मागावी आणि अर्धा तास गर्दीत चालवून मगच निष्कर्ष काढावा. त्यानंतर सौम्य चढ शोधून, गाडी उलट्या बाजूने, रिव्हर्समध्ये अगदी हळू चढवावी. रिव्हर्स दुसऱ्या क्लचवर असतो. तिथे थरथर जाणवली आणि पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जातानाही धक्का बसला, तर दुसरा क्लच संशयित. थरथर पहिल्या गिअरमध्ये निघतानाच असेल तर पहिला. दोन्ही क्लच एकाच संचात येतात आणि एकत्रच बदलावे लागतात, तेव्हा दोष कोणत्याही एकात सापडला तरी किमतीतून पूर्ण संचाचा खर्च वजा करून बोली लावावी.