आठ तास आपले

प्रदर्शन पाहायला आपण सगळेच जातो. कधी कृषी प्रदर्शन, कधी ग्राहकपेठ, कधी पुस्तकांचं. दार उघडतं तेव्हा गालिचा अंथरलेला असतो, दिवे लागलेले असतात, स्टॉलवरची मुलगी हसून माहितीपत्रक पुढे करत असते. आदल्या रात्री तिथं काय चाललं होतं आणि शेवटच्या दिवशी दिवे मालवल्यावर काय चालतं, हे मात्र आपण कधी पाहत नाही. आज मला त्या दोन वेळांत राबणाऱ्या माणसांविषयी बोलायचं आहे, आणि त्यांच्यातल्या एकाच्या छंदाविषयी.

हा एक म्हणजे माझा धाकटा मामेभाऊ. मूळचा मिरजेचा. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकला, काही वर्षं आखातात काढली आणि १९९० च्या दशकात सासरच्या नात्यातून अमेरिकेत, लास व्हेगासला पोचला. लास व्हेगास म्हटलं की आपल्याला जुगार आठवतो. पण त्या शहराचा दुसरा मोठा धंदा व्यापारी प्रदर्शनांचा आहे. तिथलं कन्व्हेन्शन सेंटर १९५९ साली सुरू झालं. आज तिथं नुसती प्रदर्शनाची जागाच सुमारे २५ लाख चौरस फूट आहे. जानेवारीत सीईएस हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्रदर्शन भरतं आणि त्यापाठोपाठ काँक्रीट व्यवसायाचं. एप्रिलमध्ये रेडिओ-टेलिव्हिजनच्या यंत्रसामग्रीचं, नोव्हेंबरमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचं. इथं घरगुती गिऱ्हाईक नसतं. व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांसाठी भरवलेला हा बाजार तीन-चार दिवस टिकतो आणि मग नाहीसा होतो.

तो उभा कसा राहतो, ते क्रमानं पाहू. सुरुवातीला असते फक्त काँक्रीटची रिकामी जमीन. तिच्यावर नकाशाप्रमाणे खुणा केल्या जातात. सगळ्यात लहान स्टॉल दहा फूट बाय दहा फुटांचा, आणि प्रत्येकाला क्रमांक. मग वीज. जमिनीखालून आलेली तार ज्या त्या स्टॉलपर्यंत न्यायची आणि त्यानंतरच वर गालिचा घालायचा. हा क्रम चुकला तर गालिचा परत उचलावा लागतो. मग मालाचे ट्रक. लाकडी खोकी फोर्कलिफ्टवरून आत येतात, सुतार ती उघडून भिंती, कमानी, टेबलं जोडतात. रिकाम्या खोक्यांवर ‘रिकामं’ अशी चिठ्ठी स्टॉलच्या क्रमांकासह चिकटवून ती गोदामात जातात. गालिच्यावर प्लॅस्टिकचा कागद असतो. तो अगदी शेवटी, दार उघडण्याच्या आधी निघतो. स्टॉलांमधल्या वाटांवरचा गालिचाही शेवटीच पडतो, कारण तोवर त्या वाटांवरून फोर्कलिफ्ट धावत असतात.

प्रदर्शन संपलं की हेच सगळं उलट्या क्रमानं, आणि निम्म्याहून कमी वेळात. पुढच्या प्रदर्शनाची माणसं दाराशी येऊन थांबलेली असतात. स्टॉल मांडणाऱ्या कंपनीला ट्रकपासून स्टॉलपर्यंत माल नेण्याचं भाडं वजनावर द्यावं लागतं, दर शंभर पौंडांना, म्हणजे सुमारे ४५ किलोंना, इतकं. त्यामुळे तिला हे काम महाग वाटतं आणि राबणाऱ्याला ते जड वाटतं. दोघांचंही खरं असतं.

आता या कामगाराचा मालक कोण? आज एक कंत्राटदार, परवा दुसरा. प्रदर्शन चार दिवसांचं, म्हणजे नोकरीही दहा-बारा दिवसांचीच. अशा ठिकाणी एकटा माणूस मुकादमाच्या मर्जीवर जगतो. मुकादमानं बोट दाखवलं तर काम, नाही तर घरी. यावरचा तोडगा म्हणजे युनियनची हजेरी-यादी. कंत्राटदार युनियनकडे माणसं मागतो, युनियन यादीच्या क्रमानं माणसं पाठवते. ज्याचे कामाचे तास जास्त, त्याचा क्रमांक वर. १९४७ च्या अमेरिकी कायद्यानुसार या यादीत सभासद नसलेल्यालाही जागा द्यावी लागते. लास व्हेगासमध्ये हे काम टीमस्टर्स संघटनेच्या ६३१ क्रमांकाच्या शाखेकडे आहे. शिकागोत माल उचलणारे, सुतार, वीजतंत्री यांच्या संघटना वेगवेगळ्या आहेत.

पगार तासावर मिळतो. ठरल्या तासांच्या पुढे दीडपट, रात्री-बेरात्री दुप्पट. आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन कोणा एका मालकाकडे नसतं. सगळे कंत्राटदार कामगाराच्या प्रत्येक तासामागे एका सामाईक निधीत पैसे भरतात. अशा अनेक निधींत ठरावीक तास भरले की विमा चालू राहतो आणि जास्तीचे तास मंदीच्या महिन्यांसाठी शिल्लक पडतात. मामेभावाच्या घरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखांखाली तासांचे आकडे लिहिलेले असतात. लग्नकार्याची तारीखही ते आकडे पाहूनच ठरते.

हे ऐकून तुम्हाला काही आठवलं का? आपल्याकडचा माथाडी कायदा १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांची संघटना बांधली, ते मुंबईच्या बाजारांतले पाठीवर गोण्या वाहणारे हमाल. आज या पेढीवर, उद्या त्या. त्यांनाही एक मालक नव्हता. कायद्यानं मंडळं नेमली. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतात, आणि मंडळ त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि औषधपाण्याची सोय पाहतं. लास व्हेगासचा निधी आणि मशीद बंदरचं मंडळ यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दुखणं एक असलं की औषधही सारखंच निघतं.

युनियनची दुसरी बाजूही सांगायला हवी. शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेसमध्ये कोणतं काम कुठल्या संघटनेचं, याचे नियम इतके बारीक झाले की लहान स्टॉलवाले कावले. प्लॅस्टिक उद्योगाचं मोठं प्रदर्शन शिकागो सोडून ओरलँडोला गेलं. २०१० साली इलिनॉय राज्यानं कायदा करून स्टॉलवाल्यांना आपली हत्यारं, आपली शिडी वापरायची मोकळीक दिली. संघटना न्यायालयात गेल्या आणि २०११ साली जिंकल्या. पण काम शहराबाहेर गेलं तर जिंकून काय करायचं? त्याच वर्षी त्यांनी बरीचशी मोकळीक तडजोडीनं मान्य केली. संघटना शहाणी असली की तिला हेही कळतं.

एवढं सगळं सांगितलं ते एका प्रश्नासाठी. तासांचा हिशोब इतका काटेकोर ठेवून या माणसाला मिळालं काय? पैसे मिळाले, विमा मिळाला. पण आणखी एक गोष्ट मिळाली, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. ती म्हणजे फुरसत.

१९९० च्या दशकात लास व्हेगासचं सगळ्यात गाजलेलं प्रदर्शन होतं कॉमडेक्स, संगणकांचं. २००३ नंतर ते बंद झालं. मामेभावानं सुरुवातीची वर्षं त्याचीच खोकी उचलली. आत काय आहे याचं कुतूहल वाटलं, म्हणून एक जुना संगणक विकत घेतला आणि मंदीच्या दिवसांत, उन्हाळ्यात आणि नाताळच्या सुमारास, संकेतस्थळ बांधायला शिकला. शिक्षक कोणी नव्हता. त्या काळी संगणकावर कुठलंही पान उघडावं आणि त्यामागचा मजकूर पाहावा, अशी सोय होती, आजही आहे. तिला म्हणतात ‘व्ह्यू सोर्स’. पानाच्या पोटात एचटीएमएल नावाची खुणांची भाषा असते. इथं ठळक अक्षर सुरू, इथं संपलं. इथं चित्र, इथं दुवा. उघडलेल्या बहुतेक खुणा बंद कराव्या लागतात. तो मला म्हणाला होता, “भाईजान, हे आमचंच काम आहे. जे उघडलं त्यावर नंबर टाकायचा आणि संपलं की बंद करायचं.”

त्याच सुमारास फुकट जागा देणारी ठिकाणं निघाली होती. त्यातलं मोठं म्हणजे १९९४ साली सुरू झालेलं जिओसिटीज. तिथं विषयवार पेठा होत्या. चित्रपटांची एक, विज्ञानकथांची एक, घरसंसाराची एक. प्रत्येक पानाला पेठेचं नाव आणि चार आकडी क्रमांक, अगदी प्रदर्शनातल्या स्टॉलसारखा. लाखो साध्या माणसांनी तिथं आपापली दुकानं मांडली. विकायला काही नव्हतं, फक्त दाखवायला होतं. कुणाची मांजर, कुणाची तिकिटं, कुणाचे आजोबा.

मामेभावानं काय मांडलं? मिरजेचा तानपुरा. मिरजेत शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावण्याचं काम सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली. त्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. लहानपणी त्यानं ती दुकानं येता-जाता पाहिलेली. पंढरपूरकडून येणारा भोपळा, तो वाळवणं, दांडी, खुंट्या, घोडी, आणि सगळ्यात अवघड म्हणजे जवारी काढणं. एकेका कामाचं एकेक पान. त्या काळी मराठी अक्षरं परदेशातल्या संगणकावर चौकोनांसारखी दिसत. म्हणून मराठी शब्द हातानं कागदावर लिहून त्यांची चित्रं त्यानं लावली. पुढे युनिकोड रुळल्यावर सगळी पानं पुन्हा टंकली. त्यातली शुद्धलेखनाची तपासणी मी करत असे, दर रविवारी.

दिवसा तो जे बांधतो ते चौथ्या दिवशी त्यालाच मोडावं लागतं आणि त्यावर त्याचं नाव कुठंच नसतं. ही पानं मात्र त्याच्या नावाची. अर्थात संकेतस्थळंही मोडतात. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं. इंटरनेटवरच्या काही स्वयंसेवकांनी रात्रंदिवस खपून त्यातला मोठा भाग उतरवून ठेवला. मामेभावाची पानं आजवर तीनदा जागा बदलून उभी आहेत, कारण पाडताना प्रत्येक तुकड्यावर खूण करायची धंद्यातली सवय. घरच्या कपाटात क्रमांक घातलेल्या प्रती असतात.

मग २०२० चा मार्च आला. करोनामुळे प्रदर्शनं थांबली. लास व्हेगासमधलं त्यानंतरचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं ते थेट जून २०२१ मध्ये, काँक्रीटचं. मधल्या जानेवारीत सीईएस पूर्णपणे इंटरनेटवर भरलं. संकेतस्थळाला फोर्कलिफ्ट लागत नाही, गालिचा लागत नाही, सुतार लागत नाही. ज्याचा त्याला छंद होता तेच त्याच्या भाकरीच्या जागी येऊन बसलं.

मला वाटलं होतं, आता याला वेळच वेळ आहे, पानं भराभर वाढतील. त्या पंधरा महिन्यांत एकही पान वाढलं नाही. फोनवर बोलणं व्हायचं ते शिल्लक तासांचं, विमा कधी संपेल याचं. संगणक उघडायचा तो बेकारभत्त्याचा अर्ज भरायला. आणि २०२१ च्या जूनमध्ये काम सुरू झालं, पहिल्या आठवड्याचा पगार हातात आला, तेव्हा महिन्याभरात त्यानं ‘तारा’ या विषयाचं नवं पान लावलं. ते काम तो दहा-दहा तास उभं राहून, पाय सुजवून घरी आल्यावर करत होता.

रिकामा वेळ आणि फुरसत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या वर्षी कळलं. उद्याच्या कामाची खात्री असते तेव्हाच आजची संध्याकाळ आपली होते. आणि ती खात्री कुणाला आपोआप मिळालेली नाही. शिकागोत १८८६ च्या मे महिन्यात कामगार रस्त्यावर आले ते आठ तासांच्या दिवसासाठी. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपल्या मर्जीचे, अशी ती मागणी होती. त्यानंतर चौघे फासावर गेले. १८९० च्या १ मे रोजी पुन्हा आठ तासांची मोहीम निघाली तेव्हा अमेरिकी मजूर महासंघानं पुढे कुणाला केलं? सुतारांच्या संघटनेला. त्याच वर्षी १० जूनला मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून झगडत होते. आपला रविवार तिथून आला आहे. मी बी.ए. झालो, नोकरी केली, आणि ज्या काही बऱ्या कविता लिहिल्या त्या बहुतेक रविवारी लिहिल्या. त्यांच्यावर लोखंड्यांचं देणं आहे असं मी मानतो.

आपल्या गावात गणपतीचा मांडव घालणारे, लग्नाचं स्टेज रात्रीत उभं करणारे, प्रदर्शनाचे बांबू आणि पत्रे वाहणारे हजारो हात आहेत. त्यांतल्या बहुतेकांची कुठल्याही यादीवर नोंद नाही, तासांचा हिशोब नाही. त्यांच्यातही कुणी चित्रं काढत असेल, कुणी जुनी नाणी जमवत असेल, कुणी मोबाइलवर गावाच्या जत्रेची छायाचित्रं लावत असेल. पुढच्या वेळी प्रदर्शनाला गेलात तर शेवटच्या दिवशी अर्धा तास मागे रेंगाळा. गालिचा गुंडाळणाऱ्याला चहा विचारा, आणि त्याला सुट्टी कोणत्या वारी असते, तेही विचारा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)