मरण ठरलेले, कुतूहल न सरलेले

गोष्टीचा शेवट आधी कळला की गोष्ट संपली, असा एक सर्वसाधारण समज आहे. रहस्यकथेचे शेवटचे पान आधी वाचणाऱ्याला मित्र दटावतात आणि नव्या चित्रपटाचा शेवट सांगून टाकणाऱ्यावर घरची मंडळी चिडतात. परंतु ज्या कथांनी या देशातील माणसांना शतकानुशतके जागे ठेवले, त्यांपैकी कितीतरी कथांमध्ये मुख्य पात्राचे मरण आरंभीच जाहीर झालेले असते. ते सांगणारा कधी नारद असतो, कधी आकाशवाणी असते, तर कधी एखाद्या ऋषिकुमाराच्या तोंडून बाहेर पडलेला शाप असतो. तरीही श्रोता उठून जात नाही. किंबहुना मरण ठाऊक झाल्यावरच तो नीट सावरून बसतो. असे का व्हावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही.

ज्येष्ठ पौर्णिमेला पाचोऱ्यात काय किंवा खानदेशातील कोणत्याही गावात काय, वडाभोवती सूत गुंडाळले जाते. त्यामागची कथा भाकीत केलेल्या मृत्यूचीच आहे. सावित्रीने सत्यवानाला वरले तेव्हा त्याचे आयुष्य आजपासून बरोबर एक वर्षाचे आहे, असे नारदाने भर सभेत सांगून टाकले. गावोगावच्या भागवत सप्ताहाची रचनाही अशीच आहे. सातव्या दिवशी तक्षकाच्या दंशाने मरणार, हे परीक्षिताला कळलेले आहे आणि त्या सात दिवसांतच शुकाचार्य त्याला सारे भागवत ऐकवितात. मांडवात बसलेल्या हजार माणसांपैकी एकालाही परीक्षित वाचेल अशी आशा नसते. तरीही सातव्या दिवशी मांडव अधिक भरलेला असतो.

पुढे हीच गोष्ट कादंबरीच्या वाचकांनी सिद्ध केली. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊर येथे ऐन तारुण्यात क्षयाने गेले, हे शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मधील कर्णाचे किंवा ‘छावा’मधील संभाजीराजांचे काय होणार, याविषयीही कोणाच्या मनात शंका नव्हती. तरीही ही पुस्तके ग्रंथालयांतून हातोहात फिरली आणि शेवटची पाने वाचताना वाचकांचे डोळे भरून आले.

हा केवळ आपल्याकडचा जुना संस्कार आहे असेही नाही. अमेरिकेतील रिच बर्लू या चित्रकाराने २००३ साली ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ नावाची एक अद्भुतरम्य चित्रकथा भागाभागाने संगणकावर प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. तीतील बेल्कर या खोडकर, काहीशा दुष्ट पात्राचा अखेरचा श्वास वर्ष संपण्यापूर्वी होईल, असे एक भविष्यवेत्ता सांगतो. त्या एका वाक्यावर वाचकांनी वर्षानुवर्षे खल केला. वर्ष कोणत्या पंचांगाने मोजायचे, अखेरचा श्वास म्हणजे मृत्यूच का, मेलेला माणूस परत उठला तर भाकिताचे काय, असे प्रश्न निघत राहिले. हॅरी पॉटरच्या पाचव्या भागात, २००३ साली, नायक आणि त्याचा वैरी यांपैकी एकालाच जगता येईल अशा अर्थाचे भाकीत उघड झाले आणि २००७ साली सातवा भाग येईपर्यंत चार वर्षे जगभरची मुले तर्क लढवीत राहिली. २०१५ साली ‘बाहुबली’चा पहिला भाग संपला तो नायकाच्या वधाची बातमी देऊनच. तेथे भाकीत नव्हते. परंतु मृत्यू कळल्यानंतरच दोन वर्षे टिकणारे कुतूहल सुरू झाले. कटप्पाने मारले हे सर्वांना माहीत होते. का मारले, एवढ्यावरच गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर वाद रंगले.

भाकितांचे तीन प्रकार

या कुतूहलाचे मूळ शोधायचे तर कथेतील भाकिते कशी असतात ते पाहावे लागेल. महाभारत आणि पुराणे यांत ती ढोबळमानाने तीन प्रकारची आढळतात.

पहिला प्रकार मुदतीचा. सत्यवानाला एक वर्ष आणि परीक्षिताला सात दिवस मिळाले. येथे शेवटाची तारीख ठरलेली असते आणि उरलेल्या दिवसांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. महाभारताच्या आदिपर्वातील परीक्षित एकाच खांबावर उभारलेल्या प्रासादात राहतो, भोवती वैद्य आणि मांत्रिक ठेवतो, पहारे बसवितो. तक्षक फळातील किड्याच्या रूपाने आत शिरतोच. भागवतातील परीक्षित मात्र गंगेच्या काठी बसून ऐकतो. भाकीत एकच, मरणही एकच. परंतु एक राजा सात दिवस दारे बंद करण्यात घालवितो आणि दुसरा तेच दिवस ऐकण्यात सार्थकी लावतो. एकाच मुदतीचे असे दोन उपयोग परंपरेनेच आपल्यापुढे शेजारी शेजारी मांडून ठेवले आहेत.

दुसरा प्रकार अटीचा. हिरण्यकशिपूला दिवसा मरण नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही. ऐकणाऱ्याचे मन तत्काळ फट शोधू लागते आणि संध्याकाळी उंबरठ्यावर ती सापडते. जयद्रथाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. त्याचे मस्तक युद्धात तोडले जाईल, असे त्याच्या जन्मवेळीच अदृश्य वाणीने सांगितले होते. बाप वृद्धक्षत्र याने त्यावर उलटा पेच घातला. जो ते मस्तक भूमीवर पाडील त्याच्याच मस्तकाची शकले होतील, असे त्याने म्हणून ठेवले. युद्धाच्या चौदाव्या दिवशी अर्जुनाच्या बाणांनी ते मस्तक उडाले आणि संध्या करीत बसलेल्या त्या बापाच्याच मांडीवर जाऊन पडले. बाप उठला, मस्तक खाली पडले आणि शाप घालणाऱ्यालाच तो भोवला. येथे भाकिताचा शब्द न् शब्द पाळला गेला, परंतु कोणाच्याही अपेक्षेप्रमाणे नव्हे. परदेशी चित्रकथेचे वाचक ‘अखेरचा श्वास’ या शब्दांचा कीस काढतात तेव्हा ते हेच करीत असतात.

तिसरा प्रकार व्यक्तीचा. कंसाला आठवे अपत्य मारील, द्रोणाला धृष्टद्युम्न मारील. मारणारा कोण हे ठाऊक झाल्यावर मरणारा त्याच्याशी कसा वागतो, यात सारे नाट्य साठते. कंस पाळण्यातली मुले मारीत सुटतो. द्रोण मात्र, आपल्या वधासाठीच यज्ञातून जन्मलेल्या धृष्टद्युम्नाला शिष्य म्हणून स्वीकारतो आणि अस्त्रविद्या शिकवितो. एखाद्या शिक्षकाच्या चरित्रात यापेक्षा कठीण प्रसंग कल्पिता येणार नाही. दैव चुकत नाही, असे म्हणून द्रोण हे करतो. परंतु दैवाने शिकवायला सांगितले नव्हते. तो निर्णय द्रोणाचाच होता.

तिन्ही प्रकारांत शेवट निश्चित झाल्यामुळे कुतूहल संपत नाही. त्याची जागा बदलते. ‘काय होणार’ हा प्रश्न मिटतो आणि ‘कसे’, ‘का’ व ‘तोवर हा माणूस कसा वागणार’ हे प्रश्न पुढे येतात. हे प्रश्न अधिक खोल आहेत, कारण त्यांची उत्तरे घटनांत नसून पात्रांच्या स्वभावांत असतात.

खानदेशची भर

या बाबतीत खानदेशच्या भूमीने आपली भरही घातली आहे. जळगाव जिल्ह्यातील एरंडोल हीच महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी लोकांची श्रद्धा आहे. जवळच्या पद्मालयाच्या परिसरात भीमाने बकासुराला मारले, असे सांगितले जाते. त्या कथेतही मरणाची पाळी आधीच ठरलेली असते. कोणत्या दिवशी कोणत्या घरातील माणूस जाणार हे ठाऊक असलेले ते गाव असते. पाचोऱ्याहून भुसावळमार्गे बऱ्हाणपूर ओलांडले की असीरगड लागतो. फारुकी राजवटीत तो खानदेशचाच बुलंद किल्ला होता. आज तो मध्य प्रदेशात आहे. तेथील शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो, असे लोक सांगतात. कपाळावर भळभळती जखम घेऊन तेलासाठी दारोदार फिरणारा अश्वत्थामा तर मराठी घराघरांत पोचलेला आहे. ज्याच्या मरणाची खोटी आवई उठवून द्रोणाला मारले गेले, त्याच्या वाट्याला मरण न येण्याचा शाप यावा, ही या कथेतील भेदक विसंगती आहे. ठरलेल्या मरणापेक्षा न ठरलेले मरण अधिक भयंकर, हे लोककथेने असे सुचविले आहे.

तर्क हेही वाचनच

पात्रांच्या मरणावर तर्क लढविणाऱ्या तरुणांकडे ‘रिकामटेकडे’ म्हणून पाहण्याची वडीलधाऱ्यांची रीत आहे. ती पुनः तपासून पाहण्याजोगी आहे. इरावती कर्वे यांनी १९६७ सालच्या ‘युगान्त’मध्ये विदुर हाच धर्मराजाचा पिता असावा काय, असा प्रश्न उपस्थित केला आणि महाभारतातील उल्लेख एकापुढे एक ठेवून त्याची शक्यता तपासली. दुर्गा भागवत यांनी ‘व्यासपर्व’मध्ये याच पात्रांचा वेगळ्या वाटेने शोध घेतला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती शेकडो हस्तलिखितांतील शब्द पारखूनच. या विद्वत्तेची बरोबरी शाळकरी पोराच्या तर्काशी करावयाची नाही. तथापि दोहोंचे बीज एकच आहे. मजकुरात नेमके काय लिहिले आहे, काय लिहिलेले नाही आणि लिहिलेल्यातून काय निघते, हे पाहण्याची सवय म्हणजे ते बीज होय. नारदाने सत्यवान वर्षभराने देह ठेवील एवढेच सांगितले, पुढे तो उठणार नाही असे सांगितले नव्हते, हे ज्या मुलीच्या लक्षात येते ती वाचायला शिकली आहे.

आमच्या वर्गांतून मात्र या सवयीला फारसा वाव नाही. कथा शिकवायची, सारांश उतरवून द्यायचा, तात्पर्य पाठ करून घ्यायचे, हा क्रम ठरून गेलेला आहे. बाजारातील मार्गदर्शकांनी तो अधिक पक्का केला आहे. अशा वर्गात ‘सर, परीक्षिताने फळ खाल्लेच नसते तर?’ असे कोणी विचारले तर हशा पिकतो आणि तास पुढे सरकतो. वास्तविक त्या दिवशीचा खरा तास त्या प्रश्नापाशीच सुरू व्हावयास हवा.

कथेतील भाकीत आणि जीवनातील भाकीत

येथे एक आक्षेप निघतो आणि तो डावलण्याजोगा नाही. ठरलेल्या मरणाच्या कथा ऐकून समाज दैववादी होत नाही काय? खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्याच सुमारास शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते. धान्ये मांडून रात्र जाऊ दिली जाते आणि पहाटे पाऊस, पिके व राज्य यांविषयी भाकिते सांगितली जातात. दूरदूरचे शेतकरी ती ऐकावयास जातात. या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, असे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते सांगत आले आहेत. पेरणीच्या तोंडावर पावसाची चिंता असलेल्या माणसाने कोठे तरी आधार शोधावा, हे समजण्यासारखे आहे. परंतु समजणे वेगळे आणि मान्य करणे वेगळे.

कथेतील भाकीत खरे ठरते, कारण ते खरे करावयाचे असे कथाकाराने ठरविलेले असते. त्याच्यामागे एक जबाबदार कर्ता उभा असतो. जीवनातील भाकितामागे असा कोणीही उभा नसतो. ते चुकले तर सांगणाऱ्याचे काही जात नाही. ज्याने त्यावर भरवसा ठेवून बी टाकले त्याचेच जाते. हा फरक ज्याला कळला तो कितीही शापकथा वाचो, दैववादी होणार नाही. ज्याला कळला नाही तो एकही कथा न वाचता दैववादी होईल.

हा फरक जळगावजवळच्या आसोद्याच्या लेकीने, अक्षरओळख नसताना, जाणला होता. बहिणाबाई चौधरी यांना तरुणपणीच वैधव्य आले. शेत आणि मुले सांभाळीत त्यांनी आयुष्य काढले. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील एका गाण्यात त्या हात पाहावयास आलेल्या जोतिष्याला दारातूनच परत पाठवितात. त्यांना दुःखाचा विसर पडला आहे किंवा दैवावर त्या रुसल्या आहेत असे त्यात नाही. जे घडायचे ते घडून गेले आहे आणि पुढचे आपल्या हातांनी करावयाचे आहे, एवढेच त्यात आहे. हातावरील रेषांपेक्षा हातातील काम मोठे, असा तिचा आशय आहे.

सावित्रीने याहून वेगळे काही केले नव्हते. नारदाचे भाकीत तिने खोटे म्हटले नाही, की त्यामुळे आपली निवडही बदलली नाही. तिने दिवस मोजले, व्रत केले, ठरल्या दिवशी नवऱ्याबरोबर रानात गेली आणि यम आला तेव्हा त्याच्याशी बोलत राहिली. एकेक वर मागताना शब्द इतके जपून वापरले की यमालाच आपल्या वचनात अडकावे लागले. पुराणकथेतील ही स्त्री शब्दांचा अर्थ नीट लावणारी आहे. वडाला फेऱ्या घालताना तिचे हे बुद्धिसामर्थ्य सहसा विसरले जाते आणि पातिव्रत्य तेवढे लक्षात राहते. शाळेत, घरात आणि वाचनालयात तिच्या कथेवर मुलांना मनमुराद तर्क करू द्यावेत. कथेतील मरण ठरलेले असले तरी ते समजून घेण्याचे काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते, आणि ते पाठांतराने होत नाही.