गोड्या पाण्याचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. गोड्या पाण्याचा असा मोजून हिशेब भर समुद्रातही ठेवावा लागतो, लांबच्या सफरीवर निघालेल्या शिडाच्या बोटीवर. लातूरसारख्याच, समुद्रापासून दूरच्या माहूर-किनवटच्या मुलामुलींना समुद्र परका वाटतो. पण त्या बोटीवरचा संसार त्यांना पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा लवकर उमगेल, असे मला ठामपणे वाटते.

एका भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींचा. त्यांचे घर समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णीला. नौदलातले दिलीप दोंदे या कामासाठी पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये परतले. पुढे अभिलाष टॉमींनी त्याच बोटीतून, कुठेही न थांबता, नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ अशी फेरी पुरी केली.

असे महिनोन्‌महिने माणूस बोटीवर करतो काय? बहुतेक वेळ डागडुजी. दोर कुठे घासतोय, शिडाची शिवण कुठे उसवतेय, बोटीत पाणी कुठून झिरपतेय, हे रोज पाहायचे. वारा वाढला की शीड आखडायचे, उतरला की पुन्हा सोडायचे, मग मध्यरात्र असो की जेवणाची वेळ. डेकवर जाताना अंगावरचा पट्टा बोटीला अडकवायचा. एकटा माणूस पाण्यात पडला तर बोट वळवून आणायला मागे कुणी नसते. भांडी समुद्राच्या पाण्याने धुवायची आणि पावसाची सर आली की शिडावरून ओघळणारे पाणी धरून ठेवायचे. चूल झोके घेणारी असते, म्हणून बोट कलली तरी पातेले सरळ राहते.

झोप तुकड्यातुकड्यांची. तेवढा वेळ सुकाणू सांभाळते वाऱ्यावर चालणारे एक यंत्र, आणि मला त्याचे फार अप्रूप आहे. बोटीच्या मागच्या टोकाला एक पातळ फळी वाऱ्याच्या रोखाने उभी असते. बोट वाट सोडू लागली की वारा फळीच्या अंगावर येतो आणि ती कलते. त्यासरशी पाण्यातले वल्ह्यासारखे पाते फिरते, वाहते पाणी त्याला बाजूला ढकलते, त्याला बांधलेले दोर ताणले जातात आणि सुकाणू वळते. विजेचा थेंब लागत नाही.

एवढे सांभाळूनही समुद्र ऐकतोच असे नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्यांच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात, टॉमींच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. पुढच्याच शर्यतीत, २०२३ मध्ये, ते दुसरे आले.

२०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून ही प्रदक्षिणा २५४ दिवसांत केली. त्यानंतर त्याच बोटीतून दिलना के. आणि रूपा ए. अशा दोघीच निघाल्या. वाटेत त्या पॉइंट निमोवरून गेल्या. तिथून सर्वांत जवळची जमीनही सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहे. २९ मे २०२५ रोजी त्या गोव्याला परतल्या.

तेव्हा माहूरच्या एखाद्या घरात उद्या लेकीने नौदलाचा अर्ज पुढे ठेवला, तर समुद्र लांब आहे म्हणून तो बाजूला सारू नका.