किल्लारीच्या भेगेतला हेलियम

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंपानं किल्लारी हादरली. पुढे शेतात जिथे जमीन फाटली होती, तिथल्या मातीत मुरलेली हवा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासली. भेगेवर हेलियम नेहमीपेक्षा पुष्कळच जास्त निघाला. एरवी हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम पाच भाग असतो. मग हा आला कुठून?

आपल्या काळ्या पत्थरातून नव्हे. बेसॉल्टमध्ये युरेनियम, थोरियम नावापुरतेच. पण किल्लारीला बेसॉल्टचा थर साडेतीनशे मीटरच्या आतच संपतो आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक लागतो. तिथे या मूलद्रव्यांची चणचण नाही. युरेनियम-238चा एक अणू शिसं होईपर्यंत आठ अल्फा कण सोडतो. अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रकच. त्याला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की झाला वायू. खनिजांच्या कणाकणांत तो अब्जावधी वर्षं साचत राहतो.

त्याला बाहेर काढायला खडक मोडावा लागतो. गंमत अशी, की दाबायला सुरुवात केली की खडकातल्या जुन्या फटी आधी मिटतात. दाब बराच वाढला की मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडू लागतात आणि मोडण्यापूर्वी खडक चक्क किंचित फुगतो. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत खडकाचे नमुने असेच दाबून, त्यातून निसटणारा हेलियम मास स्पेक्ट्रोमीटरने मोजला गेला.

मग भूकंपाची आगाऊ वर्दी मिळेल? जपानमध्ये कोबेच्या 1995च्या भूकंपाआधी नऊ दिवस, एका विहिरीच्या पाण्यातला रेडॉन, म्हणजे युरेनियमपासूनच तयार होणारा दुसरा वायू, नेहमीच्या दहापटीवर गेला होता. पण त्याचा भूकंपाशी संबंध जोडला गेला तो भूकंप होऊन गेल्यावर. शिवाय पावसानं, हवेच्या दाबानंही रेडॉन वरखाली होतो. वायूवर विसंबून गाव रिकामं करायला कोण सांगणार?

वर्दी नाही, पण खोलातल्या हेलियमचा माग किल्लारीबाहेरही लागला आहे. कोयनेच्या खोऱ्यात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडताना, खोदाईच्या गाळाबरोबर वर येणारे वायूही तपासले गेले. बेसॉल्ट तिथे सुमारे सव्वा किलोमीटर जाड. त्याखालच्या जुन्या खडकातून आलेल्या वायूंत हेलियम होताच.