पुरुषोत्तमच्या विंगेत

ऑगस्ट उजाडला की पुण्यातल्या कॉलेजांत संध्याकाळी बाकं भिंतीला लागतात. रिकाम्या वर्गात कुणीतरी खडूने रेघा ओढतं: ही विंग, हे दार. दार अर्थातच नसतं. पण पुढचे कित्येक दिवस मुलं त्या रेघेतूनच आत-बाहेर करतात, आणि कुणी भलतीकडून घुसलं की दिग्दर्शक ओरडतो, "भिंतीतून आलास!" दिग्दर्शकाचं वय वीस.

ही तालीम पुरुषोत्तम करंडकाची. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. नाव पुरुषोत्तम रामचंद्र ऊर्फ अप्पासाहेब वझे यांचं. स्पर्धेचं घर सदाशिव पेठेतलं भारत नाट्य मंदिर. याच रंगमंचावर १६ डिसेंबर १९७२ ला 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे, दोघंही बी. जे. मेडिकलचे. डॉक्टरकी शिकता शिकता नाटक करणं हे पुण्याला नवं नाही.

पुण्यातल्याच फिरोदिया करंडक स्पर्धेत गाणं, नाच, चित्र, सगळं एकाच सादरीकरणात खेळवता येतं. पुरुषोत्तमचा जीव मात्र संहिता, दिग्दर्शन आणि अभिनयात. सेटच्या झगमगाटाला इथे फारसा भाव नाही. गंमत अशी की पुढारपण खरं तिथेच, बिनभावाच्या जागी दिसतं. प्राचार्यांची सही कोण आणणार, टेम्पोवाल्याशी घासाघीस कोण करणार, पाठांतर होत नाही म्हणून जिवलग मित्राची भूमिका काढून दुसऱ्याला द्यायची तर ते त्याला सांगणार कोण? या शेवटच्या कामाला कुठल्याच अभ्यासक्रमात गुण नसतात. ते करून आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी ओळखू येते, बोलते कमी.

प्रेक्षागृहात मात्र "अरे, आवाज कुणाचा?" सुरू झालं की छत दणाणतं. पडदा सरकला की तेच पोरटोळकं चिडीचूप. बाहेरगावच्या माणसाला या शांततेचं जास्त नवल वाटतं.

२०२२ साली परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही. गावभर वाद पेटला. कुणी म्हणालं, पोरांचा हिरमोड केला. कुणी म्हणालं, बरं झालं, दर्जा म्हणजे काय ते कळेल. मला तो निर्णय तेव्हा पटला नव्हता, आज अर्धा पटतो. पोरांची तालीम एवढी गंभीर असेल, तर निकालाने त्यांना लहान मूल समजून गोंजारावं कशाला?

निकालाच्या रात्री सगळे चहाला पळतात. बॅकस्टेजचा एकजण विंगेत थांबतो, स्टेजवरच्या चिकटपट्ट्या नखाने खरवडत. मग वहीतली यादी काढतो: कंदील मावशीचा, खुर्ची मेसची, स्टूल दोन, मिळालं एक. दुसरं शोधायला तो पुन्हा अंधारात शिरतो.